बोर्स्टल नावाचे गाव

लंडनला गेलेल्या मराठी माणसाने काय काय पाहायचे, ह्याची यादी आता आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. राजवाड्यापुढचा पहारा, टेम्स नदीवरचा उघडझाप करणारा पूल, मेणाचे पुतळे आणि ज्यात आपला कोहिनूर ठेवला आहे तो मनोरा. मी ही यादी इमानेइतबारे पुरी केली. कोहिनूर पाहून बाहेर पडताना आपल्याकडचा माणूस जो एक सुस्कारा टाकतो, तोही टाकला. यादी संपल्यावर एका सकाळी चहाच्या वेळी भाच्याला सांगितले, "उद्या मी बोर्स्टलला जाऊन येतो."

भाच्याने कप खाली ठेवला. "मामा, लोक इथून ऑक्सफर्डला जातात, शेक्सपिअरचं घर बघायला जातात. तुम्ही तुरुंग बघायला निघालात?"

"तुरुंग नंतरचा," मी म्हटले, "आधी ते एक गाव आहे."

वाचकांपैकी ज्यांचा कायद्याशी थोडाफार संबंध आला असेल, त्यांना बोर्स्टल हा शब्द नवा नाही. मुंबई इलाख्यात १९२९ साली बोर्स्टल शाळांचा कायदा झाला आणि इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या एका खेड्याचे नाव आपल्या कायद्याच्या पुस्तकात येऊन बसले. सोळा ते एकवीस वर्षांच्या गुन्हेगार मुलांना मुरलेल्या कैद्यांत न मिसळता जिथे ठेवायचे आणि काही हातकाम शिकवायचे, ती जागा म्हणजे बोर्स्टल. गावाचे नाव वस्तूला मिळते ह्यात नवल काही नाही. पैठणचे पैठणीला मिळाले, कोल्हापूरचे चपलेला मिळाले. पण ज्या गावाचे नाव पोरांच्या तुरुंगाला मिळाले, ते गाव असेल तरी कसे?

शिवाय जन्मभर मास्तरकी केल्यामुळे मला दुसरेही एक कुतूहल होते. दर वर्षी हजेरीपटावरून दोन-चार नावे गळतात. कुणाचा बाप जातो, कुणी नापास होतो, कुणाला शाळेपेक्षा नाका आवडतो. अशांतला एखादा पुढे सायकलचोरीत नाहीतर मारामारीत सापडतो, सहा महिने आत जातो आणि बाहेर येतो. बाहेर आल्यावर तो काय करतो? ह्या एका प्रश्नाभोवती बोर्स्टल गावात शंभरावर वर्षे खटाटोप चालला आहे. तेव्हा ते गाव पाहावे असे मनात होते.

बोर्स्टलला जायचे म्हणजे आधी रॉचेस्टर गाठावे लागते. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून सुटणारी वेगवान गाडी पाऊण तासात तिथे आणून सोडते. मेडवे नदीच्या वळणावर वसलेले हे जुने गाव आहे. नॉर्मन राजांच्या वेळचा किल्ल्याचा चौकोनी बुरूज अजून ताठ उभा आहे, आणि त्याच्या समोरच कॅथीड्रल. ह्या धर्मपीठाची स्थापना सन ६०४ मधली. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यारोहणाच्या काळातली! पण रॉचेस्टरचा खरा राजा डिकन्स. ह्या गावात चहाच्या दुकानापासून जुन्या पुस्तकांच्या दुकानापर्यंत जिकडे तिकडे त्याच्या पात्रांची नावे दिसतात. आपल्याकडे देवांच्या नावाने उपाहारगृहे निघतात, तशी इथे कादंबरीतल्या माणसांच्या नावाने.

ह्यात तसे वावगे काही नाही. शेजारच्या चॅटम गावात आरमाराची मोठी गोदी होती. नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज १७६५ साली ह्याच गोदीतून पाण्यात उतरले. डिकन्सचे वडील तिथे पगारखात्यात कारकून होते, आणि पोराने आपल्या आयुष्यातली सुखाची पाच वर्षे ह्या नदीकाठी काढली. पुढे १८२४ साली कर्जापायी बाप तुरुंगात गेला आणि बारा वर्षांचा डिकन्स लंडनमधल्या बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या डकवू लागला. तुरुंगाची भिंत आणि मुलाचे पोट ह्यांचा संबंध त्याने पुस्तकात वाचलेला नव्हता.

लहानपणी त्याने ह्या भागातली आणखी एक गोष्ट पाहिली होती. तुरुंग भरून वाहू लागले तेव्हा इंग्रज सरकारने मोडकी लढाऊ जहाजे नदीच्या पात्रात नांगरून त्यांत कैदी कोंडले होते. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ह्या कादंबरीच्या आरंभी अशाच एका जहाजातून पळालेला मॅग्विच नावाचा कैदी स्मशानात लहानग्या पिपला धरतो. ते दृश्य ज्याने एकदा वाचले तो विसरत नाही. पण त्याच मॅग्विचने पुढे आपली जन्मकथा सांगितली आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्याची पहिली आठवण म्हणजे भुकेपोटी शेतातले कंद चोरल्याची. पुढे भटकणे, भीक मागणे, चोरी, आणि मिळेल तेव्हा काम. मात्र काम फार वेळा मिळाले नाही, असे सांगून तो ऐकणाऱ्या दोघा सभ्य तरुणांना मध्येच विचारतो की, तुम्ही तरी मला कामावर ठेवायला राजी झाला असता का? दोघेही गप्प राहतात. कथा पुढे जाते. मला मात्र रॉचेस्टरच्या रस्त्यातून चालताना तो प्रश्न बूट चावावा तसा चावत होता.

किल्ल्याखालून नदीच्या कडेकडेने दक्षिणेकडे निघाले की मैल-दीड मैलावर बोर्स्टल लागते. उजव्या हाताला मेडवेचे रुंद पात्र, ओहोटी असली की दोन्ही काठांना चिखलाचे पट्टे. पलीकडे दूरवर मोटाररस्त्याचे आणि आगगाडीचे प्रचंड पूल नदीवरून आरपार गेलेले दिसतात. गाव म्हणाल तर चढावरच्या विटांच्या घरांच्या रांगा, पुढे हातभर बागा, बागेत गुलाब. एक बाई कुत्र्याला फिरवायला निघाल्या होत्या. त्यांना तुरुंगाची वाट विचारली. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिले आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचं कुणी आहे का आत?"

त्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. ह्या रस्त्याने अनोळखी माणूस पिशवी घेऊन जातो तो आतल्या कुणाला तरी भेटायलाच, एवढा साधा हिशेब होता. मी पाहुणा आहे आणि गाव पाहायला आलो आहे, असे सांगितल्यावर त्यांना हसू आले. गावाच्या नावाचा काही त्रास होतो का, असे मी विचारले. "नाव आमचं आहे हो," त्या म्हणाल्या, "तुरुंगानं ते उसनं घेतलंय. आम्ही त्याच्या आधी कितीतरी शतकं इथं आहोत." जाणकार सांगतात की, ह्या नावाच्या मुळाशी 'सुरक्षित ठिकाण' अशा अर्थाचे जुने सॅक्सन शब्द आहेत. दैवाला विनोदबुद्धी असते म्हणतात ती अशी.

टेकडीवर तुरुंगाची भिंत दिसू लागते. आत जायला अर्थातच परवानगी लागते, आणि मी काही सरकारी पाहुणा नव्हतो. म्हणून भिंतीच्या बाहेरून जेवढे दिसते तेवढे पाहिले. काही स्थळे बाहेरूनच समजतात.

हा तुरुंग १८७४ सालचा. चॅटमच्या गोदीचे रक्षण करायला टेकड्यांवर किल्ले बांधायचे होते आणि त्या बांधकामाला फुकटचे मजूर हवे होते, म्हणून इथे कैदी आणले. तिकडे चॅटमला तर हजारो कैद्यांकडून गोदीचे नवे हौद खणवून घेतले गेले. म्हणजे काम होते, भरपूर होते, पण त्या कामाचा कैद्याला सुटल्यावर उपयोग शून्य. दगड फोडून आलेल्या माणसाला बाहेर दगड फोडायलाही कुणी बोलावीत नसे.

ही गोष्ट विलायती सरकारच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. १८९५ साली हर्बर्ट ग्लॅडस्टन ह्यांच्या समितीने तुरुंगांचा अहवाल दिला. हे हर्बर्ट म्हणजे प्रसिद्ध पंतप्रधान ग्लॅडस्टन ह्यांचे चिरंजीव. समितीने पाहिले की, जन्माचे गुन्हेगार म्हणून जे ओळखले जातात त्यांच्यातले पुष्कळसे सोळा ते एकवीस ह्या वयात त्या वाटेला लागलेले असतात. तेव्हा झाड वाकवायचे तर ह्याच वयात, अशी शिफारस झाली. तुरुंगखात्याचे प्रमुख एव्हलिन रगल्स-ब्राइझ हे स्वतः १८९७ साली अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्क राज्यातले एल्मायराचे सुधारगृह पाहून आले. आणि १९०२ साली बोर्स्टलच्या ह्या टेकडीवर मुलांची निराळी व्यवस्था सुरू झाली. सकाळी कवाईत, दिवसभर सुतारकाम, चांभारकाम, गवंडीकाम, बागकाम, संध्याकाळी थोडे लिहिणे-वाचणे. १९०८ साली पार्लमेंटने कायदा करून ही पद्धत सबंध देशाला लागू केली.

इथपर्यंतची हकीकत पुष्कळ पुस्तकांत सापडते. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती १९०४ सालची एक लहानशी नोंद. त्या वर्षी 'बोर्स्टल असोसिएशन' नावाची मंडळी उभी राहिली. तिचे काम भिंतीच्या आत नव्हतेच. मुलगा सुटायच्या दिवशी त्याला कुठे राहायचे, कुणाच्या हाताखाली काम करायचे, अंगावर कपडे कोणते आणि हत्यारे कुठून आणायची, हे सगळे आधी जुळवून ठेवणे आणि पुढेही त्याच्यावर नजर ठेवणे, हे तिचे काम. कायद्यातही अशी तजवीज होती की, मुलगा सुटला तरी काही काळ तो देखरेखीखाली असे. म्हणजे ज्यांनी ही संस्था काढली त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते की, टेकडीवर निम्मे काम होते आणि उरलेले निम्मे फाटकाबाहेर होते. आपल्याकडे मुलीचे लग्न जमवताना वडीलधारी मंडळी जसा मुलगा, घर, नोकरी सगळे पाहून ठेवतात, तसाच हा प्रकार. नुसती मुलीला पाककला शिकवून कुणी तिला वेशीवर सोडून देत नाही.

१९२२ साली ह्या खात्यात अलेक्झांडर पॅटरसन आले आणि बोर्स्टलला बहर आला. पॅटरसन हे ऑक्सफर्डचे पदवीधर. शिकून झाल्यावर लंडनच्या दक्षिणेकडील बर्मंडसी ह्या गरिबांच्या वस्तीत राहायला गेले आणि वर्षानुवर्षे तिथल्या पोरांत मिसळले. त्यांनी रखवालदारांचे गणवेश उतरवले, मुलांचे गट पाडून त्यांना 'घर' असे नाव दिले आणि प्रत्येक घरावर एक मास्तर नेमला. बंदिवासात ठेवून माणसाला स्वातंत्र्याची सवय लावता येत नाही, हे त्यांचे मुख्य सूत्र.

हे सूत्र किती ताणता येते, ते १९३० साली दिसले. मे महिन्यात बिल लेवेलिन नावाच्या अधिकाऱ्याने फेल्टमच्या बोर्स्टलमधली चाळीसएक मुले बरोबर घेतली आणि लंडनच्या पश्चिमेपासून थेट नॉटिंगहॅमजवळच्या लाउडम ग्रेंजपर्यंत ती पायी नेली. शंभरावर मैलांची ही पदयात्रा. बेड्या नाहीत, बंदूक नाही. दोन्ही बाजूंना उघडी शेते. पळायचे असते तर वाट अडवायला एक कुंपणही नव्हते. मुक्कामी पोचल्यावर मुलांनी तंबू ठोकले आणि आपल्या राहण्याच्या इमारती आपल्या हातांनी बांधायला घेतल्या. त्या संस्थेला भिंत नव्हती. १९३५ साली ह्याच लेवेलिन साहेबांनी दुसरी तुकडी स्टॅफर्डहून पूर्व किनाऱ्यावर चालत नेली. तिथे दलदलीत बांध घालून समुद्राकडून जमीन मिळवायची होती. ज्या मुलांना लोक 'वाया गेलेली' म्हणत, त्यांनी फावड्याने समुद्र मागे हटवला आणि त्या खाऱ्या जमिनीची शेते केली. आपल्या कोकणातल्या खारभूमीच्या शेतकऱ्याला ह्या कामातला घाम वेगळा समजावून सांगायला नको.

त्या काळात बोर्स्टलमधून सुटलेल्यांपैकी निम्म्याहून बरीच अधिक मुले पुन्हा गुन्ह्याच्या वाटेला जात नसत. आयरिश लेखक ब्रेंडन बिहन सोळाव्या वर्षी, १९३९ साली, स्फोटके बाळगल्याबद्दल लिव्हरपुलात पकडला गेला आणि सफोकमधल्या हॉलेसली बे इथल्या बोर्स्टलमध्ये राहिला. त्याने १९५८ साली आठवणींचे पुस्तक लिहिले. इंग्रज सरकारवर दात धरून असलेल्या ह्या लेखकाने तिथल्या दिवसांविषयी आणि सोबत्यांविषयी पुष्कळच मायेने लिहावे, ह्याचे त्या वेळी अनेकांना आश्चर्य वाटले होते.

मग हे सारे बिघडले कसे? एका रात्रीत नाही. महायुद्धानंतर गुन्हे वाढले, संस्था तुडुंब भरल्या. सुधारण्याजोगी मुले न्यायाधीश देखरेखीवर घरी ठेवू लागले, आणि बोर्स्टलच्या वाट्याला अधिक निबर पोरे आली. १९६१ च्या कायद्याने बोर्स्टल हे इतर तुरुंगांच्या रांगेत जाऊन बसले. घरमास्तर राहिले, पण त्यांच्या हाताखालची मुले वाढली. नाव-गाव ओळखणारा माणूस गेला आणि क्रमांक मोजणारा आला. १९७० नंतरच्या वर्षांत सुटलेल्या मुलांतली निम्म्याहून अधिक मुले पुन्हा कोर्टात उभी राहू लागली. १९७९ साली बोर्स्टलच्या आतल्या क्रौर्यावर 'स्कम' नावाचा चित्रपट निघाला आणि लोक हादरले. अखेर १९८२ च्या कायद्याने बोर्स्टल बंद झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८४ साली, खाली नदीकाठी चॅटमची चारशे वर्षांची गोदीही बंद झाली, आणि आसपासच्या हजारो घरांतला पगार गेला. टेकडीवरची शाळा गेली आणि पायथ्याचे कामही गेले.

टेकडीवर मात्र कुलपे तशीच राहिली. बदलत गेल्या त्या पाट्या. जुन्या बोर्स्टलच्या जागी आज रॉचेस्टरचा तुरुंग आहे. शेजारी मुलांचा दुसरा एक तुरुंग होता, तो २०२४ साली मोठ्या कैद्यांसाठी दिला गेला. तिसरी एक संस्था १९९८ साली निघाली, आतल्या मुलांना कर्मचाऱ्यांकडून मारहाण होते असे २०१६ साली उघडकीस आले आणि २०२० साली ती रिकामी झाली. तिच्याच आवारात २०२४ साली 'सुरक्षित शाळा' ह्या नव्या नावाने आणखी एक प्रयोग सुरू झाला. त्याच २०२४ साली मुख्य तुरुंग निरीक्षकांनी रॉचेस्टरच्या तुरुंगाबद्दल सरकारला तातडीची सूचना धाडली. घाण, मादक पदार्थ, मोडकळीला आलेल्या इमारती ह्यांबरोबर त्यांची मोठी तक्रार अशी होती की, बहुतेक कैद्यांना काम नाही, शिक्षण नाही. दिवसाचा बराच वेळ ते कोठडीत पडून असतात. ज्या टेकडीवर 'हाताला काम द्या' हा मंत्र प्रथम म्हटला गेला, तिथली ही गत.

भिंतीच्या सावलीतून मी फाटकापर्यंत गेलो. फाटकासमोर मोटारी उभ्या करायची जागा आहे, आणि पुढे रस्ता उताराने गावाकडे जातो. सुटलेला माणूस ह्याच रस्त्याने निघत असणार. त्याच्या हातात सरकार काही रक्कम ठेवते. ती वर्षानुवर्षे ४६ पौंड होती. २०२१ साली ७६ करण्यात आली. लंडनमध्ये एवढ्या पैशात एक रात्र धड निघत नाही. ज्याला घ्यायला आई-बाप आले असतील तो मोटारीत बसून जाईल. ज्याला कुणी नाही त्याला घ्यायला त्याचे जुने दोस्त येतात, आणि त्यांच्याजवळ 'काम' नेहमीच तयार असते. चोरांच्या टोळीला अर्ज करावा लागत नाही, दाखला लागत नाही, आणि जेवण पहिल्याच दिवशी मिळते. भल्या लोकांची बाजू लंगडी पडते ती इथे.

हे माझ्यासारख्या मास्तराचे नुसते अनुमान नव्हे. विलायतेच्या न्यायखात्याने २०१३ साली सुटलेल्या कैद्यांचा ताळा मांडला. सारख्याच पार्श्वभूमीचे कैदी घेतले. काहींना सुटल्यावर नोकरी मिळालेली, काहींना न मिळालेली. वर्षाच्या आतली शिक्षा भोगलेल्यांमध्ये नोकरी मिळालेल्यांचे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण शेकडा ९.४ ने कमी भरले. त्याहून लांब शिक्षा भोगलेल्यांमध्ये शेकडा ५.६ ने. कुणी म्हणेल, एवढेच? नोकरी म्हणजे काही गंगास्नान नव्हे. नोकरी लागूनही पुष्कळ जण घसरतात. पण शंभरांत पाच किंवा नऊ म्हणजे तितकी घरे न फुटणे, तितक्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या न हिसकावल्या जाणे. तुरुंगाची आणखी एक भिंत चढवून एवढे साधत असेल असे मला वाटत नाही.

नोकरी मिळण्यात अडचण कोणती? अर्जाच्या कागदावर एक लहानशी चौकट असते: तुम्हाला कधी शिक्षा झाली होती का? खरे लिहिले तर अर्ज बाजूला पडतो, खोटे लिहिले तर पुढे कधीतरी बाहेर येते. ठरावीक काळ माणूस सरळ वागला तर लहान शिक्षा संपली असे मानावे, असा कायदा त्या देशाने १९७४ साली केला. २०१३ साली तर ही चौकटच पहिल्या अर्जातून काढून टाका, आधी माणूस पाहा आणि मग विचारा, अशी मोहीम तिथे सुरू झाली. ही कल्पना मूळ अमेरिकेतली.

परतीच्या वाटेवर एक गंमत झाली. भाच्याच्या घराची जादा किल्ली करून आणायला सूनबाईंनी सांगितले होते. विलायतेत स्टेशनाजवळ आणि बाजारात 'टिंप्सन' नावाची इवलीशी दुकाने दिसतात. जोड्यांना टाचा लावणे, घड्याळाचा सेल बदलणे आणि किल्ल्या करणे हा त्यांचा धंदा. पेढी जुनी, १८६५ सालची, मँचेस्टरची. ह्या घराण्यातले जेम्स टिंप्सन २००२च्या सुमारास एका तुरुंगात गेले असता तिथला एक तरतरीत मुलगा त्यांना आवडला. सुटलास की ये, असे त्यांनी त्याला सांगितले. तो आला, चांगला निघाला. मग त्यांनी तुरुंगांतून माणसे शोधायला सुरुवात केली. काही तुरुंगांच्या आत तर शिकवण्याची दुकानेच थाटली. आज त्यांच्या नोकरांपैकी दहांतला एक जण तुरुंगातून आलेला असतो. २०२४ च्या जुलैत ह्याच टिंप्सनना सरकारने तुरुंगखात्याचे मंत्री केले.

आता पाहा, किल्ल्यांचे दुकान! ज्याच्यावर कुलूप फोडल्याचा आरोप शाबीत झाला, त्याच्याच हाती गावाच्या किल्ल्या. मी दुकानासमोर उभा राहून त्या तरुणाचे हात पाहत होतो. त्याने किल्ली यंत्रात धरली, कानस मारली, अंगठ्याने धार पाहिली, पुन्हा एकदा घासली आणि माझ्यापुढे ठेवली. "लागली नाही तर परत आणा, पैसे नाही घेणार," म्हणाला. हा दहांतला एक की उरलेल्या नवांतला? चेहऱ्यावरून काही कळेना, आणि विचारण्याचे कारण नव्हते. किल्ली घरी आणून लावली ती पहिल्या फिरक्यात लागली.

आपल्याकडे हा विचार नवा आहे असे कुणी समजू नये. मुंबई इलाख्याचे बोर्स्टल धारवाडला होते, तिथे पोरे हातकाम शिकत. आणि १९३९ साली औंधच्या संस्थानिकांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरच्या सल्ल्याने आटपाडीजवळ माळरानावर स्वतंत्रपूर वसवले. तिथे खुनाची शिक्षा झालेले कैदी बिनभिंतीच्या वसाहतीत बायकापोरांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटाची प्रेरणा तीच. कथा आपल्या ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर त्याच मुलखातले! मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटलेल्या तरुणांना पुन्हा उभे करण्यासाठी झटतो आहे. कायदाही उदार आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्याचा डाग, अगदी भयंकर प्रकार सोडले तर, त्याच्या पुढच्या आयुष्याला लागू नये असे २०१५ च्या बालन्याय कायद्यात स्पष्ट सांगितले आहे. अठरा ओलांडलेल्याला मात्र चारित्र्य पडताळणीचा पोलिसांचा दाखला आडवा येतो. आणि कागद आडवा आला नाही तर माणसे येतात.

परत आल्यावर हे सारे मी पुण्यातल्या माझ्या एका मित्राला सांगितले. त्याचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कुलपे, सारे काही. माणूस सज्जन आणि हिशेबी.

सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "मास्तर, पटतं तुमचं. पण माझा गल्ला उघडा असतो हो. उद्या काही झालं तर?"

"गल्ल्यावर बसव असं कोण म्हणतंय?" मी म्हटले. "बोर्स्टलमध्ये तरी पहिल्या दिवशी कुठं विश्वास टाकत होते? पायरीपायरीनं वर चढवायचे पोराला. आधी देखरेखीत काम, मग बिनदेखरेखीचं काम, मग एकट्यानं बाहेर जायची मुभा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मॅग्विचच्या गोष्टीतले ते दोन तरुण गप्प राहिले होते तसाच. दुकानात दिवाळीची गर्दी होती. एक गिऱ्हाईक कडी-कोयंडा मागत होते, आणि माळ्यावरचा माल काढायला माणूस नव्हता म्हणून स्वतः शेठजींनाच शिडी चढावी लागली. खाली उतरून त्याने धोतराला हात पुसले.

"शिडी चढता येते का त्याला?" त्याने विचारले.

"कुणाला?"

"तुम्ही आणाल त्याला."

"येत असेल. नाही तर शिकेल."

"मग भाऊबीज झाली की सोमवारी पाठवा. सकाळी साडेनवाला. पगार इतरांना देतो तोच देईन, आणि तो कुठून आला हे दुकानात कुणाला सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका."